भुईतली धाप

गुरुवार, २८ ऑगस्ट

काल गणपती बसले. माझ्या लेकाला, उदयसिंहाला, कुपवाडच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून मूर्ती मीच आणली, आरती मीच म्हटली आणि मोदकही बहुतेक मीच संपवले. देवाला भाव पुरतो, मोदकाचा आकडा तो मोजत नाही.

हे गेल्यापासून लिहिणं सोडलं होतं. आज परत धरलं, कारण सकाळी जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि पोटात ठेवलं तर पोट फुगेल.

खालच्या रानात भुईमूग बघायला गेले होते. त्या रानाच्या मधून गॅसची मोठी लाईन जाते. वर पिवळा खांब आणि पाटी, खाली लोखंडी नळ. खांबाजवळ घटकाभर टेकले, तर भुईतून आवाज आला. बारीक, ओढून घेतल्यासारखा, शेवटाला शिट्टी. मध्येच घुटमळायचा, परत सुरू व्हायचा.

तो ओळखायला मला विचार करावा लागला नाही. ह्यांच्या छातीचा आवाज. ह्यांना दमा होता. उभा जन्म त्या आवाजाशेजारी निजले मी. तो चालू असला की मला गाढ झोप लागायची आणि थांबला की जाग यायची. गेल्या साली आषाढात एका पहाटे अशीच जाग आली होती. उठून बसले, अंथरुणावर हात फिरवला. ह्यांचा हात थंड लागला.

आज मी तिथं बसूनच राहिले. उन्हं डोक्यावर आली तरी उठवेना.

मंगळवार, २ सप्टेंबर

गौरी गेल्या. घर परत रिकामं.

रोज सकाळी रानात जाते. आवाज तिथंच आहे. खांबाच्या पलीकडं सुपाएवढ्या जागेत भुईमूग पिवळा पडलाय, बाकीचं रान हिरवंगार. कालच्या पावसानं तिथं चिखल झाला होता आणि चिखलातून एकेक बुडबुडा वर येत होता. चिखल श्वास घेतोय असं वाटलं.

हे लाईनवर चालायच्या नोकरीला होते. अंगात नारिंगी जाकीट, हातात काठी, सकाळी निघायचे ते पुढच्या वॉलच्या, म्हणजे गॅसच्या चावीच्या, ठेसनापर्यंत चालत जायचे आणि चालत यायचे. कुणी लाईनवर खोदतंय का, झाड लावतंय का, आग पेटवतंय का, एवढं बघायचं. कोयनेकडं भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशी पाय जास्त चालायचे. धाप लागली की खांबाला टेकून उभे राहायचे आणि मी दिसले तर हसायचे. म्हणायचे, "रंगे, ही लाईन माझ्यासारखी न्हाई. हिला धाप लागत न्हाई. पार समिंदराच्या कडंला बोटीतनं गॅस उतारत्यात, यंत्रानं दाबून आत ढकलत्यात, आन त्यो घाट चढून, आपल्या रानाखालनं, पार कर्नाटकात जातुया. जिथं दाब कमी पडंल तितं परत यंत्र बसीवल्यालं. आन आपल्याला वर चाहूल न्हाई. लाईन गप हाय म्हंजी लाईन बरी हाय."

घरात उलटं होतं. हे गप्प झाले की माझा जीव उडायचा.

मला अक्षरओळख झाली ती ह्या पाटीवरूनच. ह्यांची भाकरी घेऊन रानात जायचे, हे काठीनं एकेक अक्षर दाखवायचे. सावधान. आग पेटवू नका. खोदण्याआधी फोन करा. दुसऱ्या बायका श्री गणेशा शिकल्या, मी सावधान शिकले. पुढं ग्रंथालयातली पुस्तकं वाचली, पण पहिला धडा तो.

आज एक विचार मनात आला होता, तो लिहूनच टाकते. हा आवाज गॅसचा तर नसेल? नाक खाली नेऊन बघितलं. कसलाच वास नाही. आपल्या सिलिंडरला कसा कुजक्या लसणासारखा वास येतो. मग आठवलं, हेच सांगायचे, मोठ्या लाईनीतल्या गॅसला वास नसतो, माणसाला कळावं म्हणून वास पुढं शहराच्या तोंडाशी घालतात. एवढं आठवलं, आणि मी ते आठवणं तिथंच सोडून घरी आले.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज मी खोटं बोलले.

ह्यांच्या जागी आता ज्योतिबा चालतो. गुणी पोरगा, ह्यांनीच त्याला लाईन दाखवली. त्याच्याकडं मोबाईल असतो, तो कुठून कुठं चालला ते कंपनीला दिसतं. आज तो पिवळ्या जागेपाशी थांबला.

"काकू, हितं भुईमुगाला काय झालं वं?"

"हुमणी लागलीया," मी म्हणाले. "मुळं खाऊन टाकली मेलीनं."

त्यानं एक वेल उपटून मुळं झटकली. "आळी तर दिसंना."

"खाल्ल्यावर थांबतीया व्हय ती पंगतीत? चल, चहा निवतूय."

तो हसला. माझा शब्द म्हणजे ह्यांचा शब्द, असं तो धरून चालतो. चहा पिताना म्हणाला, "काका असतं तर ह्या जाग्यावर बसून ऱ्हायलं असतं. लय वहीम यायचा त्यास्नी." मी माझा कप तसाच उचलून मोरीत नेला.

सांगितलं तर काय होईल ते मला कळतं. माणसं येतील, रान खोदतील, काहीतरी करतील आणि आवाज बंद होईल. एकदा बंद झालेला मी ऐकलाय. दुसऱ्यांदा नको.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. ह्यांचा म्हाळ सप्तमीला, शनिवारी. पहिलाच म्हाळ. उदयसिंहाला फोन केला तर सूनबाईनं घेतला.

"आत्ती, त्यांना सुट्टी न्हाई म्हणत्यात. आर्डर मोठी हाय, भट्टी बंद ठेवता येत न्हाई."

"अगं, बापाचा घास टाकायला लेक नको?"

संयोगिता हळूच म्हणाली, "मी सांगून बघते." तिचा तरी काय दोष. उदयसिंहाच्या कारखान्यातली भट्टी ह्याच लाईनीच्या गॅसवर चालते. बाप वर चालायचा, लेक टोकाला बसून ते जाळतो. हे ह्या गोष्टीवर फार खूश असायचे.

शेजारचा कोंडीबा दुधी भोपळा देऊन गेला. माणूस भला, फक्त तोंडातली बिडी कधी सुटत नाही. ह्यांचं आणि त्याचं त्यावरून रोज वाजायचं. त्याच्या विहिरीचं पाणी आता आमच्या खालच्या रानाच्या बांधाखालून पलीकडच्या तुकड्याला जातं. गेल्या सालच्या उन्हाळ्यात हे साताऱ्याला दवाखान्यात होते, तेव्हा त्यानं एका दिवसात जेसीबी लावून पाईप टाकून घेतला. मला जाता येता त्याच पाण्याची एक कळशी मिळते, मी कशाला तक्रार करू.

पिवळी जागा आता परातीएवढी झालीय.

शनिवार, १३ सप्टेंबर

म्हाळ झाला. खीर, वडे, आमटी, गवार, अळूच्या वड्या, भोपळ्याची भाजी. ह्यांना गवार आवडत नसे, पण पितरांच्या ताटात लागते, मी काय करू.

लोक घास पत्र्यावर ठेवतात. मी खालच्या रानात नेला, आवाजाच्या जागी. जिथं माणूस आहे तिथंच ताट वाढायचं ना.

कावळे आले. बांधावरच्या बाभळीवर ओळीनं बसले. एक खाली उतरला, घासापासून चार हातांवर थांबला, मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि उडून गेला. मग एकही उतरला नाही.

हात जोडून मी विचारलं, "काय राहिलं तुमचं? लेक आला न्हाई म्हणून रुसलाय? आणते त्याला. रान इकनार न्हाई. बैल म्हातारा झालाय, पण बाजार दावनार न्हाई." एकेक सांगत गेले. खाली धाप तशीच. कावळे तसेच.

दुपार कलली, वड्यांवर मुंग्या चढल्या. घास गाईला घातला. घरी येऊन मी जेवले नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आज मनाशी धरलं की ह्यांना दिवा हवा असेल. ज्या दिवशी गेले त्या दिवशी उशाशी दिवा लावला होता, तो वाऱ्यानं विझला आणि गडबडीत मी परत लावलाच नाही. तेच राहिलं असेल.

संध्याकाळी ताटात निरांजन, कापूर, पाण्याचा तांब्या आणि काडेपेटी घेऊन गेले. जागेवर बसले. आवाज आज मोठा होता, घाई झाल्यासारखा. वात सरळ केली, काडी ओढली. ओढताच गुल निघून पडला. दुसरी ओढली, ती मोडली. बघते तर तांब्या हिंदकळून काडेपेटी सगळी भिजलेली. ताकाला गेले आणि भांडं फुटकं नेलं.

"उद्या आनते वं कोरडी," असं सांगून उठले. घरी येताना सारखं वाटत होतं, कुणीतरी पदर मागं ओढतंय. मला वाटलं, ह्यांना मी जावंसं वाटत नसेल.

सोमवार, १५ सप्टेंबर

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

सकाळी कोंडीबा वाटेत भेटला. हातातलं ताट बघून म्हणाला, "वयनी, कावळा शिवंना म्हनं. मी येतो संगं. मी हाक घातली की कावळा येतोयच. माझ्या बानं शिकीवलंय."

दोघं खालच्या रानात गेलो. मी निरांजनात वात घालून ठेवली, कोरडी काडेपेटी हातात घेतली. कोंडीबानं बाभळीकडं बघून दोनदा हाक घातली आणि सवयीनं कानावरची बिडी काढून तोंडात धरली. "आना हिकडं पेटी. आदी ही पेटीवतो, मंग तुमचा दिवा."

मी पेटी पुढं केली. त्यानं ती घेतली. काडी काढली.

आणि माझ्या तोंडून आवाज निघाला, "कोंड्या! बिडी टाक, न्हायतर लाईनीच्या भाईर हो!"

असं मी कुणाला कधी बोलले नाही. कोंडीबाला एकेरी हाक तर जन्मात मारली नाही. हे शब्द ह्यांचे. असे, ह्याच सुरात, बांधावरून ओरडायचे. कोंडीबाच्या हातून काडी पडली, बिडी पडली. तो माझ्याकडं बघत मागं सरकत गेला.

"वयनी, ह्यो नाथाजीचा..." ह्यांचं नाव घेऊन तो तिथंच अडखळला.

"पेटी द्या हिकडं."

त्यानं ती लांबूनच माझ्या पदरात टाकली आणि निघून गेला. वळून बघितलंसुद्धा नाही.

मी पाटीपुढं उभी राहिले. सावधान. आग पेटवू नका. पहिला धडा. जो माणूस मला लाईनीशेजारच्या म्हसोबापुढं उदबत्ती लावू देत नव्हता, तो लाईनीवर दिवा कसा मागेल? तो दिवा मागत नव्हता. कावळा मागत नव्हता. चार दिवस कशाला, अठरा दिवस झाले तो मला एकच सांगत होता, आणि मी त्याला गवार वाढत होते.

पाटीवरचा फोन लावला. पलीकडं बाईचा आवाज. गाव सांगितलं, खांबाचा नंबर सांगितला. "काय दिसतंय तुम्हाला, आजी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "भुईला धाप लागलीया." मग नीट सांगितलं. पिवळी जागा, बुडबुडे, आवाज. तिनं मला तिथून लगेच लांब जायला सांगितलं.

निघताना मी खाली वाकून म्हणाले, "सांगितलं बगा. आता रागावू नगासा." आणि मग मला रडू आलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल तासाभरातच गाड्या आल्या. आज रानाला दोरी बांधलीय. आसपासच्या घरांना चूल, बिडी, मोटार सगळं बंद. मी गार भाकरी आणि दही खाल्लं.

दीपाली नावाची इंजिनिअर आहे, सांगलीची, कमरेला यंत्र लावलेली. ते यंत्र खांबाजवळ नेताच ओरडायला लागलं. ती पोर पांढरी पडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजी, इथं कुणी काही पेटवलं नाही ना?"

मी म्हणाले, "काडेपेटी भिजली व्हती."

तिनं माझा हात धरून ठेवला.

ज्योतिबा खाली मान घालून उभा होता. मीच त्याच्याकडं गेले. "हुमणी न्हवती रं. मी लबाड बोलले." तो म्हणाला, "मला दिसलं व्हतं, काकू, आळी न्हाई ते. मीबी इचारलं न्हाई." त्याला कंपनी बोलणार का, असं मी दीपालीला विचारलं. ती म्हणाली, "त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला, एवढंच लिहीन." ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

कंपनीच्या गार खोलीत रात्रंदिवस माणसं दाब बघत बसतात, तरी त्यांना कसं कळलं नाही, हेही विचारलं. ती म्हणाली, एवढ्या बारीक चिरेनं त्या मोठ्या दाबाला फरकच पडत नाही. वाहत्या कालव्यातून कुणी ओंजळभर पाणी घेतल्यासारखं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज गॅस सोडला.

आमच्या दोन्ही बाजूंच्या ठेसनावरचे वॉल बंद केले. मधल्या नळातला गॅस उंच धुराड्यासारख्या नळीतून आभाळात सोडतात. गावात आधी दवंडीसारखं सांगून ठेवलं होतं, तरी आवाज सुरू झाला तेव्हा गुरं दावी तोडायला लागली. असा आवाज मी ऐकला नाही. घाटाएवढ्या छातीनं श्वास सोडावा तसा. संपेचना.

मी दोरीपलीकडं दगडावर बसले होते. कुणी उठवलं नाही. त्या मोठ्या आवाजात मला हा बारीक आवाज कसा ऐकू आला असेल, कुणी म्हणेल नसेलच आला. पण आला. हळूहळू बारीक होत गेला. शिट्टी आधी गेली. मग घुटमळला. मग सुतासारखा झाला. मी माझा श्वास धरून ठेवला होता.

मग तो थांबला.

ह्या वेळी मी जागी होते, एवढंच.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

खोदलं. लोखंडी नळावर काळं जाड वेष्टण असतं, गंज लागू नये म्हणून, शिवाय बारीक वीजही खेळवलेली असते. त्या वेष्टणावर लांब ओरखडा. तिथून पाणी शिरलं, गंज चढला, चीर पडली. ज्योतिबा म्हणाला, "ही जेसीबीच्या दाताची खूण हाय. जुनी हाय." आता त्यावर लोखंडी पट्टा बसवून जोडतायत.

कोंडीबाला ताप आलाय. खड्ड्यापाशी बिचारा न पेटवलेली बिडी तोंडात धरून उभा होता, ज्योतिबाचं बोलणं ऐकता ऐकता मटकन खालीच बसला. संध्याकाळी दोन भोपळे, एक डबा तूप आणि नवी काठी घेऊन आला. "वयनी, काय लागलं तर मला सांगा," एवढंच परत परत. डोळ्याला डोळा देईना. सोमवारी मी त्याला ओरडले ते मनाला लावून घेतलं असेल. मी म्हणाले, "आवं, ते मी न्हाई, हे बोलले." तर त्याला आणखीच थंडी वाजून आली. उद्या काढा नेऊन देते.

दिवेलागणीला दारात फटफटी थांबली. उदयसिंह! "आये, गॅस बंद, भट्टी गार. मालकानंच घरी धाडलं." म्हाळाला लेक आणते म्हणाले होते. माझा शब्द ह्यांनीच खरा केला.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री

परत सगळा स्वयंपाक. गवार केली नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

खड्डा बुजवलाय, माती ताजी आहे. उदयसिंहानं घास ठेवला आणि हात जोडायला वळला, तेवढ्यात कावळा उतरला. वडा उचलला. दुसरा आला, तिसरा आला. पान रिकामं झालं.

"आये, बग, बाबांनी लगीच घेतलं!" उदयसिंहाचे डोळे भरले.

मीही हसले. पण आतून एक कळ आली. इतकी घाई? एक दिवस थांबले असते तर काय झालं असतं?

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. उदयसिंह पहाटेच गेला, भट्टी परत चालू होणार. लाईनीत गॅस सोडलाय.

ज्योतिबा आला तेव्हा त्याला म्हणाले, "चालतूस ते बरोबर. पर मदनंमदनं थांबत जा. थांबल्याबिगर ऐकू येत न्हाई. आन माझं काय ऐकू नगंस." तो खळखळून हसला. मग दोघंही खांबापाशी उभे राहिलो.

"आता हाय का रं आत?" मी विचारलं.

"हाय की. चाललाय जोरात."

भुईला कान लावला. ओली माती, एक किडा, लांबचा ट्रॅक्टर. बाकी काही नाही.

आज पहाटे मला दचकून जाग आली होती. उठून बसले, शेजारी हात फिरवला. घर गप्प, रान गप्प. मग लक्षात आलं, लाईन गप्प आहे म्हणजे लाईन बरी आहे. मी परत आडवी झाले. डोळा लागला नाही, पण उठले नाही. ह्या गप्पपणाशेजारी निजायचं आता मला शिकायचंय.